गोरोबांची पारख

दोन हजार वर्षांपूर्वी तेरमध्ये कोणीतरी रोमन नाण्याची मातीची नक्कल गळ्यात घालत होते. खऱ्या नाण्याचा छाप ओल्या मातीत उठवायचा, दोरा ओवायला जागा ठेवायची आणि भाजून काढायचे, की पदक तयार. दख्खनमधल्या सातवाहनकालीन अनेक वसाहतींत अशी पदके सापडली आहेत, तेरच्या पांढरीतही सापडली आहेत. ज्याला सोन्याचे नाणे परवडत नव्हते त्याने मातीचे घातले, असा सरळ अर्थ मला त्यातून लागतो. त्याच सुमारास समुद्रापलीकडे उलटे चालले होते. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यातच भोकरदनला आणि तेरला सापडल्या आहेत. पाँपेईतल्या घरधन्याने ती मूर्ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवली असणार, आणि तेरच्या माणसाने रोमच्या बादशहाचे तोंड छातीवर मिरवले असणार. आपल्या गल्लीत घडणाऱ्या वस्तूपेक्षा लांबून आलेली वस्तू दोघांनाही मोठी वाटली. माणसाच्या या ओढीला मी दोष देत नाही. कुतूहलाशिवाय व्यापार होत नाही आणि कलाही वाढत नाही. तेरच्या पोकळ, दुहेरी साच्यात घडवलेल्या मृण्मूर्तींचे तंत्र रोमन संपर्कातून आले असावे, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. ते खरे असेल तर बाहेरचे पाहून हरखणाऱ्या कोणातरी कुंभाराचे आपण ऋणीच आहोत.

प्रश्न त्यापुढचा आहे. वस्तूकडे पाहण्यासाठी वस्तू जवळ करणे आणि माणसांकडे वरून पाहण्यासाठी वस्तू जवळ करणे, या दोन क्रिया बाहेरून सारख्याच दिसतात. चित्रप्रदर्शनात चित्रापुढे उभे राहणाऱ्या दोघांपैकी एक जण रंगाचा थर कसा बसला आहे ते पाहत असतो आणि दुसरा, आपण चित्रापुढे उभे आहोत हे कोण पाहत आहे याकडे लक्ष ठेवून असतो. मैफलीत सम चुकीच्या ठिकाणी धरून दाद देणाऱ्या श्रोत्याकडे वळून बघणारी नजर, नाटकाच्या मध्यंतरात ‘हे लोकांसाठी ठीक आहे’ असे म्हणणारा सूर, कविसंमेलनात ग्रामीण उच्चार ऐकून ओठांच्या कोपऱ्यात उमटणारे हसू, हे सगळे दुसऱ्या क्रियेत मोडते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात असे दाखवले की जिला आपण निसर्गदत्त अभिरुची समजतो ती पुष्कळ अंशी घराण्यातून, शिक्षणातून आणि ऐपतीतून आलेली असते, आणि तिचा एक उपयोग वर्गावर्गांमधली भिंत राखण्यासाठी होतो. जातीची उतरंड पाहत वाढलेल्या महाराष्ट्राला हे पॅरिसहून कळायची गरज नव्हती. तरीही सुसंस्कृत माणूस कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा त्याला काय माहीत आहे, तो काय ऐकतो, काय वाचतो, यावरूनच देत आलो. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि ते का अपुरे आहे हे तेर या एका गावात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भरुचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगून, ते फार मोठे नगर आहे असे म्हटले आहे. पैठणहून मौल्यवान खडे येत. तगरहून काय येई? पुष्कळसे साधे कापड आणि मलमलीचे प्रकार. ते बैलगाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरुचच्या बंदराला पोचवले जाई. जगाने या नगराची नोंद घेतली ती इथल्या विणकरांच्या रोजच्या कामामुळे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कापड कुजून गेले, भाजलेली माती उरली. फ्लीट यांनी 1901 साली तगर म्हणजेच तेर हे सप्रमाण मांडले, हेन्री कझिन्स यांनी इथल्या विटांच्या मंदिरांची पाहणी केली, 1958 साली चापेकरांनी उत्खनन केले, पुढेही वेळोवेळी खणणे झाले. पण तज्ज्ञांच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पांढरीवरून पावसाने उघडी पडलेली खापरे, मणी, मूर्तींचे तुकडे जपण्याचे काम गावातल्याच एका माणसाने केले. रामलिंगप्पा लामतुरे यांचा हा संग्रह पुढे राज्य शासनाकडे आला आणि आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने उभे आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे गोळा केली तीही याच जातकुळीची गोष्ट. दोघांनीही जे जमवले त्यातला मोठा भाग त्या त्या काळच्या रसिकांनी कलेत धरला नसता.

संग्रहालयातल्या मृण्मूर्तींकडे नीट पाहिले तर शिष्टपणाच्या मुळालाच हात घालता येतो. पांढऱ्या, तलम केओलिन मातीच्या या मूर्ती साच्यातल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात दाबायचा, दोन्ही जोडायचे, सांधा पुसायचा, भाजायचे. एका साच्यातून कितीतरी नग निघत. केशरचना, कर्णफुले, गळ्यातले हार इतके नेटके की त्यावरून सातवाहन काळातल्या दागिन्यांचा अभ्यास करता येतो, आणि तरीही ही बाजाराची वस्तू होती, पुन्हा पुन्हा घडवलेली, पुष्कळांच्या घरात जाणारी. आज तीच काचेआड आहे आणि तिच्यापुढे आपण आवाज खाली आणतो. बाहेर आठवडी बाजारात साच्यातली मूर्ती विकायला बसलेल्या बाईपुढून मात्र आपण न पाहता पुढे जातो. वस्तूचा धर्म बदललेला नाही, तंत्रही बदललेले नाही. मध्ये काळ गेला, काच आली आणि दुर्मिळपणा आला. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढून देवादिकांची चित्रे घरोघर पोचवली, तेव्हा ती भिंतीवर लागली म्हणून ती हलकी ठरवणारे जाणकार पुष्कळ निघाले. आता त्याच छापांचे जुने नग लिलावात जातात आणि त्यांच्या किमतीची चर्चा होते. ज्याला जुनेपणाने आणि मोलाने सांगेपर्यंत वस्तूतले कौशल्य दिसत नाही, त्याला रसिक कसे म्हणायचे? त्याला बाजारभाव कळतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

याचा अर्थ साच्यातली प्रत्येक मूर्ती सुंदर असते असा नाही. तेरच्याच संग्रहात काही मूर्तींचे नाकडोळे धारदार आहेत तर काहींचे साचा झिजल्याने पुसट झाले आहेत, आणि हा फरक ओळखता आलाच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की हा फरक वस्तूत शोधावा, घडवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या पायरीत नव्हे. आपल्याकडे पायरी आधी पाहण्याची सवय जुनी. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट, त्रिविक्रम मंदिराचे विटांचे चापाकार बांधकाम, ज्याला काही अभ्यासक मूळचे बौद्ध चैत्यगृह मानतात, यांचा उल्लेख करताना आपण राजघराण्यांची नावे घेतो, शतके घेतो. सुतार, गवंडी, वीटभट्टीवाला यांची नावे उरली नाहीत, आणि ती उरली नाहीत याची रुखरुखही कुठल्या पुस्तकात फारशी दिसत नाही. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झाले तेव्हा इथल्या कारागिरीला वर आणणे हाही त्याच्या हेतूंचा भाग होता. तिथे कुंभारकामही शिकवले गेले. पण पाश्चात्त्य विद्यालयी रीत आली तशी चित्र आणि शिल्प ही कला, बाकीची कारागिरी, ही वाटणी इथल्या सुशिक्षितांच्या मनात घट्ट बसली. जात आधीच हाताने काम करणाऱ्याला खाली बसवत होती. नव्या विद्येने त्याला आणखी एक कारण पुरवले.

या ठिकाणी जोतीराव फुल्यांचे 1885 सालचे पत्र आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांकडून फुल्यांना निमंत्रण गेले. फुल्यांनी ते नाकारले आणि का नाकारले ते पत्रातून कळवले. त्या पत्राचा गाभा असा, की जे लोक माणसाचे हक्क सर्वांना मनापासून देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही. अनेकांनी त्यात कडवटपणा पाहिला. मला त्यात संस्कृतीची एक नेमकी कसोटी दिसते. तुमच्या ग्रंथांत किती विद्वत्ता आहे हा प्रश्न फुल्यांनी विचारलेला नाही. ती विद्वत्ता शेजारच्या माणसाशी कशी वागते हा प्रश्न विचारला आहे. त्या सभेतूनच पुढे वाढलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवे अधिवेशन जानेवारी 2020 मध्ये याच जिल्ह्यात, धाराशिवला, फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि संमेलननगरीला नाव दिले होते तेरच्या गोरोबाकाकांचे. एका कुंभाराच्या नावाच्या मांडवात सारस्वतांनी बसावे, यात सुखावण्यासारखे आहेच. पण नाव देणे सोपे असते. त्या कुंभाराने पारख कशी केली हे समजून घेणे अवघड.

ती कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’पासून कीर्तनांपर्यंत आणि ‘संगीत गोरा कुंभार’सारख्या नाटकाच्या प्रेक्षकांपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली. कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून मुक्ताबाईने हे काय आहे असे विचारले. मडकी पक्की की कच्ची ते पाहायचे साधन, असे उत्तर आले. मग या मडक्यांतले कच्चे कोणते ते सांगा, असे म्हटल्यावर गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत फेरी घातली. कथेची रूपे थोडी वेगवेगळी आहेत, पण शेवट सगळीकडे एक. बाकीचे शांत बसले. नामदेव रागावले, दुखावले, आणि कच्चे मडके ठरले ते नामदेवच. कीर्तनात इथे हशा होतो आणि कथा पुढे सरकते. मला इथे थांबावेसे वाटते, कारण रसिकतेविषयी, जाणकारीविषयी आणि तिच्या तोऱ्याविषयी मराठीत जे काही सांगितले गेले आहे त्यातले सगळ्यांत खोल मला इथे सापडते.

पहिली गोष्ट, निवाडा करायला कोणाला बसवले आहे ते पाहावे. समोर ज्ञानदेव आहेत, ज्यांची ‘ज्ञानेश्वरी’ 1290 साली पूर्ण झाली. निवृत्तिनाथ आहेत. शास्त्र जाणणारे कमी नाहीत. निवाड्याचा अधिकार मात्र ज्याच्या हातांना माती कळते त्याला दिला आहे. काका म्हणून त्यांचे वडीलपण मानले जाई हे खरे, पण कथेने त्यांच्या हाती पोथी दिलेली नाही, थापटणे दिले आहे. चिखल तुडवणे, गोळा चाकावर चढवणे, अर्धवट सुकलेल्या मडक्याला आतून आधार धरून बाहेरून ठोकत आकार देणे, आवा लावणे, भाजून निघालेल्यातले सांभाळणे आणि टाकणे, यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या कानाला जो नाद कळतो तो ऐकीव माहितीने कळत नाही. शिवाय ही पारख गुप्त विद्याही नव्हे. माठ घेणारी बाई आजही बोटाने वाजवून घेते. खणखणीत वाजला तर ठेवते, बद्द वाजला तर परत करते. म्हणजे उत्तम काय याचे ज्ञान वापरणाऱ्यांत पसरलेले आहे. तिला कोणी मडक्यांची मर्मज्ञ म्हणत नाही, कारण मर्मज्ञ कोणाला म्हणायचे हे ठरवणाऱ्यांच्या घरात माठ वाजवण्याचे काम दुसरेच कोणी करत आले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. थापटणे प्रत्येकाच्या डोक्यावर पडले. ज्ञानदेवांना सूट नव्हती, लहानग्या मुक्ताबाईलाही नव्हती. आणि नापास कोण झाला? अडाणी माणूस नव्हे. जमलेल्यांतला उत्तम कीर्तनकार, पदरचना करणारा कवी, प्रत्यक्ष विठ्ठलाचा लाडका म्हणून ओळखला जाणारा भक्त. कलेत तो कमी नव्हता, भक्तीतही नव्हता. कमी पडला तो एका ठिकाणी. मला कसे तपासता, मी देवाच्या इतका जवळचा, हा त्याचा राग. जवळिकीवर हक्क सांगणे म्हणजेच शिष्टपणाचा गाभा. मोठ्या गवयांच्या घरी आपले जाणे-येणे आहे, अमक्या चित्रकाराशी आपली ओळख आहे, तमक्या लेखकाची हस्तलिखिते आपण आधी वाचतो, असे सांगणाऱ्यांच्या बोलण्यात कलेविषयी थोडे असते आणि सान्निध्याविषयी फार. नामदेवांसारख्या थोर माणसाच्या ठिकाणी हा दोष दाखवण्याचे धाडस परंपरेने केले, आणि ते नामदेवांना लहान करण्यासाठी केलेले नाही. हा दोष प्रतिभावंतालाही लागू शकतो, किंबहुना त्यालाच अधिक लागतो, हे सांगण्यासाठी केले आहे.

आता एक आक्षेप. गोरोबांनी तरी शेवटी पक्के आणि कच्चे असे भेद केलेच ना? उत्तम आणि सुमार यांत फरक करणारा प्रत्येक जण शिष्ट ठरत असेल तर कला शिकवायची कशी, ग्रंथ निवडायचे कसे? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर टाळता येत नाही. भेद हवा. सगळे सारखेच चांगले, असे म्हणणारा माणूस उदार दिसतो, पण त्याने कष्टपूर्वक काम करणाऱ्याचा अपमान केलेला असतो. पारख आणि शिष्टपणा यांतला फरक निवाड्यानंतर काय होते यात आहे. कच्चे मडके आव्यात घालता येते. म्हणून त्या निवाड्यातच पुढची वाट होती, आणि नामदेव ती वाट चालले. ते विसोबा खेचरांकडे औंढ्याला गेले, आणि महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या त्या माणसाकडून शिकले. शिष्ट माणसाच्या निवाड्याला अशी वाट नसते. तुमचा उच्चार, तुमचे गाव, तुमच्या घरात पुस्तकांचे कपाट नसणे, लहानपणी कानावर राग न पडणे, हे त्याने मोजलेले असते, आणि यांतले काहीही तुम्हाला मागे जाऊन बदलता येत नाही. तुम्ही शिकलात तर तो म्हणतो, आता शिकलात, मूळचे नव्हे.

भेद चुकीच्या रीतीने राबवला की काय होते याचे एक उदाहरण आपल्याच माणसाचे आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 या काळात केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची कळकळ खरी होती. त्यांच्या काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, अनेक गवयांना आकाशवाणीने आधार दिला आणि ज्यांनी कधी मैफल पाहिली नव्हती अशा घरांत ख्याल पोचला. हे त्यांचे मोठे काम आहे. पण त्याबरोबर चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले गेले, लोकांची रुची सुधारावी म्हणून. लोकांनी रेडिओ सिलोन लावले. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. ज्या भागात केसकरांनी श्रोत्यांपुढे उत्तम आणून ठेवले तो टिकला, आणि ज्या भागात श्रोत्यांच्या आवडीवर नाक मुरडले तो भाग ढासळला. ज्या चित्रपटगीतांना त्यांनी दार बंद केले त्यांच्या चालींत राग होते, लोकसंगीत होते, थोर गायिकांचे गळे होते. कानाने ऐकण्याआधी वर्गवारीने ऐकले की असे होते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. काही कलांना दीर्घ तयारी लागतेच. विलंबित ख्याल असो की अमूर्त चित्र, तिथे पहिल्याच भेटीत सगळे हाती लागत नाही. मग त्यात मुरलेल्या माणसाला थोडा अभिमान वाटला तर काय बिघडले? अभिमान वाटावा. तयारी खरी असते आणि ती मान्य केलीच पाहिजे. पण तयारीला फुरसत लागते, आणि फुरसत कोणाच्या कामावर उभी असते हे विसरता येत नाही. तेरचे कापड अंगावर घेणाऱ्या रोमन नागरिकाला कवितेसाठी वेळ होता, कारण तेरणेकाठी कोणीतरी मागावर बसले होते. शिवाय तयारी फक्त ऐकणाऱ्याची नसते. ज्याला आपण साधे काम म्हणतो त्यातही वर्षे जातात, फक्त त्या वर्षांना आपण साधना म्हणत नाही. मुरलेला श्रोता आणि मुरलेला कुंभार समोरासमोर आले तर दोघांनी एकमेकांकडे बरोबरीने पाहावे, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती पुरी होताना फार कमी वेळा दिसते.

तिसरा धोका आपल्याच बाजूने येतो. साधेपणाचे कौतुक हाही मिरवण्याचा प्रकार होऊ शकतो. जपानमध्ये सोएत्सु यानागी यांनी 1920 च्या दशकात सामान्य माणसांच्या वापरातल्या वस्तूंचे सौंदर्य मांडणारी चळवळ उभी केली. कोरियातल्या अनाम कुंभाराने घडवलेला एक साधा वाडगा, जो पुढे जपानी चहासमारंभात अमोल मानला गेला आणि क्योटोच्या मंदिरात रेशमी वेष्टनांत जपला गेला, त्यावर त्यांनी लिहिले आहे. वाडग्याचे थोरपण ओळखणारे डोळे धन्य, यात शंका नाही. पण ते वाडगे घडवणाऱ्या कोरियन कुंभारांना त्या किमतीतले काय मिळाले? आपल्याकडे वारली चित्रांचे असेच झाले. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत त्या सवाशिणी. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णींसारख्यांनी ही कला बाहेर आणली, जिव्या सोमा मशे यांच्या प्रतिभेने ती जगभर गेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि हे सगळे योग्यच झाले. नंतर त्या आकृत्या चहाच्या कपांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर आल्या. ज्यांच्या भिंतीवरून त्या आल्या त्या बायकांना या प्रवासात फारसे कोणी विचारले नाही. घरात वारली चौकट लावून तलासरी-डहाणूच्या माणसाला दारात उभे करणारा माणूस सुसंस्कृत नव्हे, हे म्हणायला कचरू नये.

आणि या कसोटीतून वारकरी परंपरेलाही सोडता येणार नाही. कुंभार, शिंपी, माळी, सोनार, न्हावी, दासी यांना कवी मानणारी, त्यांच्यातल्याच एकाच्या हाती पारखीचे साधन देणारी ही परंपरा जगातल्या मोजक्या परंपरांतली आहे असे मला मनापासून वाटते. तरी तिचाच, अस्पृश्य मानला गेलेला चोखोबा मंदिराच्या बाहेर राहिला. अभंग आत गेले आणि माणूस बाहेर, ही अवस्था शतके टिकली. त्याचे शब्द आवडणे आणि त्याला जवळ घेणे, यांतले अंतर ज्यांना खुपले नाही ते रसिक होते, हे मान्य करूनही ते सुसंस्कृत होते असे म्हणता येत नाही.

याच अंतराच्या ठिकाणी तेरच्या कथेचा पुढचा धागा येतो. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि राबणाऱ्यांत चोखोबा गाडला गेला. काही काळाने अस्थी आणायला गेले ते नामदेव. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे मिसळली होती. परंपरा सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरले आणि ज्यातून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ते चोखोबाचे म्हणून उचलले. तेरला ज्याला दुसऱ्याने आपल्याला वाजवून पाहिलेले सोसले नव्हते, तो इथे कोणाचा कोण हे विचारत बसला नाही, ज्याला शिवायला समाज तयार नव्हता त्याची हाडे त्याने कानाला लावली. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि या सगळ्या कीर्तीपेक्षा मंगळवेढ्याचे ते ऐकणे मला त्यांच्या पक्केपणाचा मोठा पुरावा वाटते. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरात महाद्वाराशी आणून ठेवल्या. चोखोबाची समाधी तिथे आहे, दाराच्या बाहेर. आत जायला त्याच्या लोकांना 1947 साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.